पंखाला माणसं लटकवू नका

प्रति,
उत्तर महाराष्ट्रातील वैमानिक प्रशिक्षण संस्थांचे संचालक, मुख्य प्रशिक्षक आणि सुरक्षा अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या डिस्पॅच रूममध्ये भिंतीवर एक तक्ता असतो. सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, निघालेल्या विद्यार्थ्याला क्रॉसविंड (बाजूने येणारा वारा) किती चालेल, प्रशिक्षक सोबत असेल तर किती, दृश्यमानता किती हवी, ढग किती उंचीवर हवेत, हे सगळं त्यावर असतं. तक्ता चांगला आहे आणि बहुतेक ठिकाणी तो मनापासून पाळलाही जातो. मला विचारायचं आहे ते त्या तक्त्यात नसलेल्या गोष्टींबद्दल. विमान हँगरमधून बाहेर ढकलायला, टॅक्सी करायला (जमिनीवरून चालवत न्यायला), इंधन भरायला, रात्रभर उघड्यावर उभं ठेवायला किती वारा चालतो, हे तुमच्याकडे कुठे लिहिलेलं आहे का? मी जिथे जिथे काम केलं किंवा कामानिमित्त गेलो, तिथे या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘त्या वेळी बघून ठरवतो’ असंच उत्तर मिळालं. त्या उत्तरात माणसांचे हातपाय मोडतात आणि विमानं निकामी होतात, म्हणून हे पत्र.

मी विमान देखभाल अभियंता, आपल्या बोलीत एएमई. राहायला नाशिकला. विमान म्हटलं की आमच्या शहराला ओझर आठवतं. तिथे १९६४ पासून एचएएलचा कारखाना आहे. आधी मिग, मग सुखोई, आता एचटीटी-४० आणि तेजस. गांधीनगरला लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक घडतात. माझं आयुष्य मात्र सेस्ना १५२ आणि १७२ सारख्या पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत गेलं. नाशिकची जी मुलंमुली नागरी वैमानिक व्हायला धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती अशा धावपट्ट्यांवर जातात, ती याच विमानांवर शिकतात. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास लॉगबुकात मोजले जातात. विमान उभं असताना, ढकलताना, बांधताना गेलेला वेळ त्यात येत नाही, आणि कदाचित म्हणूनच तो शिकवण्याच्या वेळापत्रकातही फारसा येत नाही.

वाऱ्याचं गणित सरळ आहे. पंखाला मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा दुप्पट झाला की उचल चौपट. सेस्ना १७२ चं कमाल वजन १,१५७ किलो, रिकामं विमान साडेसातशे किलोच्या आसपास. साधारण ५० नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) तिचे पंख ते पूर्ण वजन पेलतात, तेव्हाच ती हवेत राहते. तोच हिशेब खाली उतरवत न्या. ३५ नॉटच्या झोतात निम्मं वजन उचलण्याची ताकद असते, २५ नॉटमध्ये चौथाई. जमिनीवर उभ्या विमानाच्या पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन कमी असतो, त्यामुळे हे आकडे वरच्या टोकाचे धरा. पण उभं विमान रिकामं असतं, टाक्या अर्ध्या असतात आणि बाजूने आलेला झोत एका पंखाखाली शिरून तो जरासा उचलला गेला की वाऱ्याला आणखी मोठा पृष्ठभाग मिळतो. तिथून पुढचं फार लवकर घडतं. ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाने वारे वाहतील असा हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर आला, की आपण तो शेतकऱ्यांसाठी आहे असं समजून पुढे सरकवतो. ५० ते ६० किलोमीटर म्हणजे २७ ते ३२ नॉट. तो इशारा तुमच्या रॅम्पसाठीही, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेसाठीही आहे.

आपल्या भागात धोक्याचा महिना वैशाख. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा जोरदार असला तरी दिवसभर एका दिशेने वाहतो, त्याच्याशी जुळवून घेता येतं. चक्रीवादळाची वर्दी दोन-तीन दिवस आधी मिळते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा हँगर रिकामे करून विमानं आत घ्यायला सगळ्यांना वेळ मिळाला होता. वळवाचं तसं नाही. पाऊस पडायच्या आधी ढगातली थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना पसरत जाते. ही पसरणारी हवा ढगाच्या १५-२० किलोमीटर पुढे धावू शकते. म्हणजे रॅम्पवर लख्ख ऊन असतं, वारा दाखवणारी कापडी नळी, विंडसॉक, खांबाला चिकटून लोंबत असतो, कोणी पंखाच्या सावलीत डबा खात बसलेलं असतं, आणि क्षितिजाकडून मातकट रंगाची भिंत सरकत येते. ती दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत काही मिनिटंच मिळतात. १३ मे २०२४ ला मुंबईत असंच झालं. घाटकोपरचा फलक कोसळून माणसं गेली ती त्याच दुपारी, आणि मुंबईसारख्या विमानतळाचं कामकाज तासाभर थांबवावं लागलं. जिथे इतकी साधनं आहेत तिथे ही गत, तर एका विंडसॉकवर चालणाऱ्या धावपट्टीचं काय?

बरं, त्या विंडसॉकचीही एक मर्यादा आहे आणि ती विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवी. विंडसॉक साधारण १५ नॉटलाच पूर्ण ताणला जातो. त्यापुढे वारा २० नॉटचा आहे की ४० चा, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. तो तसाच सरळ उभा दिसतो. मेटारमधला, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालातला, वाऱ्याचा आकडाही १० मिनिटांची सरासरी असतो, आणि झोताचा आकडा त्यात वेगळा येतो तो सरासरीपेक्षा १० नॉटनी किंवा जास्त फरक असेल तेव्हाच. ८ नॉट वाचून निर्धास्त झालेल्या मुलाच्या पंखाखाली १६-१७ नॉटचा झोत येऊ शकतो. आणि वावटळीला तर ढगही लागत नाही. दुपारच्या निरभ्र आकाशात तापलेल्या डांबरावरून किंवा मोकळ्या शेतातून ती उठते, कुठल्याच अंदाजात येत नाही. विमानाला बांधायचं ‘फक्त ढग आले तर’ असं जिथे ठरलेलं आहे, तिथे ती नेमकी नुकसान करून जाते.

आता शीर्षकातल्या गोष्टीकडे येतो.

एका संस्थेत, तिचं नाव इथे घेत नाही, वळीव आला तेव्हा दोन विमानं बाहेर होती. दोर हँगरमध्ये, कपाटात. आवाज झाला, ‘पकडा, पकडा!’ दोन हेल्पर आणि काही विद्यार्थी धावले आणि पंखांच्या स्ट्रटला, म्हणजे पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरप्या दांड्याला, लोंबकळले. एक झोत आला तसा वाऱ्याकडचा पंख उचलला गेला. त्याला धरलेल्या हेल्परचे पाय जमिनीवरून सुटले, त्याने क्षणभर धरून ठेवलं, मग तो पाठीवर पडला आणि चाक त्याच्या पायाजवळ आदळलं. मनगट मोडलं, जीव वाचला. त्या हेल्परला रोजावर ठेवलेलं होतं. पुढचे दीड महिने त्याच्या घरी काय शिजलं असेल याची चौकशी कोणी केली नाही. विमानाच्या पंखाच्या टोकाला आलेल्या खड्ड्याची मात्र सविस्तर नोंद झाली.

हे ‘पकडा’ आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलं आहे की ते शौर्य वाटतं. साठ किलोचा माणूस पंखाला लटकून काय थांबवणार? वर दिलेल्या हिशेबाने मोठ्या झोतात एकेका पंखावर दोन-अडीचशे किलोची ओढ सहज येते. माणूस पंखाला वजन देत नाही, पंखच माणसाला वर नेतो. त्यात बाजूचं दुसरं विमान सरकत आलं, प्रोपेलर फिरला, सुटलेलं पत्र्याचं कव्हर उडत आलं, तर लटकलेल्या माणसाला पळायलाही हात मोकळे नसतात. माझी तुम्हाला पहिली आणि हात जोडून विनंती हीच आहे: वादळ अंगावर आल्यावर विमान धरायला कोणालाही पाठवू नका. वेळेत बांधलं असेल तर ठीक, नसेल तर विमान जाऊ द्या. विमा विमानाचा असतो. हेल्परचा तुमच्याकडे आहे का, तेही एकदा पाहून घ्या.

वेळेत बांधणं म्हणजे काय, यावर थोडं जास्त लिहितो, कारण माझं काम तिथलं आहे. रॅम्पवर गेलो की मी आधी दोर पाहतो. बहुतेक ठिकाणी निळा किंवा पांढरा नायलॉन असतो, उन्हाने त्याची चकाकी गेलेली असते, हाताने चोळला की तुसासारखे तंतू बोटांना लागतात. असा दोर गाठीपाशी तुटतो. गाठ पाहावी तर सरकती, म्हणजे हिसका बसला की लांबत जाणारी. आणि ढील इतकी की रिंगेतून दोर लोंबत असतो. दोराला ढील म्हणजे झोताला धाव घ्यायला दिलेली जागा. पंख आधी वीतभर उचलला जातो, मग हिसक्याने थांबतो, आणि तो हिसका दोर, रिंग, पंख या सगळ्यांना बसतो. नायलॉनला इंचभर मोकळीक पुरे. ताग-अंबाडीचे दोर पावसात आखडतात, ते वापरत असाल तर बदला. स्ट्रटला दोर बांधणं तर मुळीच नको. तो घसरत मधोमध येतो आणि स्ट्रट वाकवतो. निर्मात्याने त्यासाठी पंखाखाली आणि शेपटीखाली रिंग दिलेली आहे. सेस्ना १७२ च्या हँडबुकात दोर किंवा साखळी किमान ७०० पौंडांची, म्हणजे ३१८ किलो ताण सोसणारी हवी असं लिहिलेलं आहे. तुमच्या दोराचा आकडा तुम्हाला माहीत आहे का? दुकानदाराला विचारून घेतला असेल तर तो नव्या दोराचा आहे, दोन उन्हाळे काढलेल्या दोराचा नाही.

दोराच्या दुसऱ्या टोकाची कथा आणखी वाईट. अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, एफएए, एक इंजिनाच्या विमानाच्या प्रत्येक खुंटाने सुमारे ३,००० पौंड, म्हणजे १,३६० किलो ओढ सोसावी असं सांगतं. आपण काय करतो? रॅम्पच्या कडेला काळ्या मातीत लोखंडी खुंट्या ठोकतो. काळी माती वैशाखात भेगाळते, खुंटीभोवती फट पडते. पाऊस पडला की तीच माती लोण्यासारखी मऊ होते. कोरड्यात सैल आणि ओल्यात मऊ, म्हणजे ज्या दिवशी खुंटीची खरी गरज त्या दिवशी ती हाताने उपटता येते. द्राक्षबागेचा मांडव उभा करणारा शेतकरीसुद्धा कडेच्या तारांसाठी खोल खड्डा घेऊन दगड गाडतो, कारण सगळा ताण तिथे येतो हे त्याला ठाऊक असतं. आपल्या एका विमानाच्या किमतीत त्याच्या कितीतरी बागा उभ्या राहतील. काँक्रीटमध्ये गाडलेल्या रिंगा हा एका वेळचा खर्च आहे. एका प्रोपेलरच्या दुरुस्तीत तो निघून जातो.

प्रोपेलरचं नाव आलं म्हणून सांगतो. वाऱ्याने शेपूट उचललं, नाक खाली गेलं आणि फिरता प्रोपेलर जमिनीला टेकला, तर तो बदलून भागत नाही. इंजिन बनवणारी लायकमिंग कंपनी अशा इंजिनाची उघडून तपासणी सांगते, कारण धक्का थेट क्रँकशाफ्टपर्यंत जातो. विमान महिनोन्महिने उभं राहतं आणि ज्या विद्यार्थ्याने घर गहाण ठेवून फी भरली आहे त्याचे तास थांबतात.

टॅक्सीबद्दल बोलू. तुमचे प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात शिकवतात: डावीकडून पुढून वारा असेल तर योक (पायलटच्या हातातलं सुकाणू) डावीकडे, डावीकडून मागून असेल तर योक उजवीकडे आणि पुढे. परीक्षेत हे सगळ्यांना येतं. खरी अडचण उतरल्यावर सुरू होते. धावपट्टी सोडली की मुलाच्या मनात ‘झालं’ असं येतं. उजवा हात फ्लॅप्स आणि ट्रान्सपाँडरकडे जातो, डावा हात योक सोडून वेळ लिहायला पेन शोधतो. आपल्याकडच्या छोट्या धावपट्ट्यांना अनेकदा समांतर टॅक्सीवे नसतो, म्हणून उतरलेलं विमान तिथेच वळून धावपट्टीवरूनच परत येतं. आता विचार करा: उतरताना वारा समोर होता, म्हणजे परतताना तो सगळा वारा शेपटीवर. पुढे नोज व्हील, वर उंच पंख, आणि मागून तिरपा झोत, ही सेस्नासाठी सगळ्यांत नाजूक अवस्था. झोत एलिव्हेटरखाली (शेपटीच्या आडव्या हलत्या भागाखाली) शिरून शेपूट उचलतो, वाऱ्याकडचा पंखही उचलतो आणि विमान नोज व्हील व दुसऱ्या बाजूच्या चाकावर कलतं. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नका आणि थ्रॉटल एकदम उघडू नका, असा इशारा कंपनीच्या हँडबुकातच आहे. घाबरलेला माणूस नेमका ब्रेक मारतो. म्हणून परतीच्या त्या फेरीत प्रशिक्षकाने बोलत राहावं, विद्यार्थ्याकडून वारा कुठून आहे हे दर वळणाला तोंडाने वदवून घ्यावं, आणि चेकलिस्ट विमान थांबवून करायला लावावी. माणूस चालतो तेवढाच वेग. उतरलेल्या विमानाचा पायलट विमान बांधून झाल्यावरच मोकळा होतो, ही शिस्त शिक्षकाने स्वतः पाळली तरच मुलात उतरते.

दार ही अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट. मागून वारा असताना सेस्नाचं दार उघडलं की ते हातातून हिसकावलं जातं, पूर्ण मागे आपटतं आणि बिजागरीला चीर जाते. मी बदललेल्या बिजागऱ्यांपैकी बहुतेक अशाच गेलेल्या. नाक वाऱ्याकडे करून विमान थांबवा, दार धरून उघडा. एवढंच.

आता जे मला सगळ्यांत गंभीर वाटतं ते. वाऱ्याने केलेलं नुकसान प्रत्येक वेळी डोळ्यांना दिसत नाही. ८ मार्च २०१७ ला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात विलो रन विमानतळावर एक एमडी-८३ जातीचं प्रवासी विमान ११६ जणांना घेऊन धावलं. वेग आला, कप्तानाने योक ओढला, नाक उठलंच नाही. त्यांनी उड्डाण सोडून दिलं, विमान धावपट्टीच्या पलीकडे गेलं, आणि सुदैवाने सगळे वाचले. तपासात निघालं ते असं: विमान आधी दोन दिवस एका मोठ्या हँगरजवळ उभं होतं. जोराच्या वाऱ्यात त्या हँगरमुळे हवेत जे भोवरे उठले, त्यांनी एलिव्हेटरची जोडणी तिच्या जागेपलीकडे ढकलून अडकवली होती. वैमानिकांनी नेहमीची तपासणी केली होती, पण त्या तपासणीत हे दिसण्यासारखं नव्हतं. इतक्या मोठ्या विमानाचं हे होतं. आणि आपण सेस्ना कुठे उभी करतो? हँगरच्या कोपऱ्याला, सावलीसाठी आणि ‘आडोसा’ म्हणून. कोपऱ्यावर वारा वळतो, वेग घेतो, फिरतो. तो आडोसा नसतो.

सेस्ना १५० आणि १५२ च्या रडरबाबतही (शेपटीच्या उभ्या हलत्या भागाबाबतही) असंच काही घडलेलं आहे. रडर आपल्या स्टॉपच्या, म्हणजे त्याला ठरावीक जागी थांबवणाऱ्या अटकावाच्या, पुढे जाऊन अडकू शकतो, म्हणून एफएएने २००९ साली त्यावर सक्तीचा आदेश काढला. उभ्या विमानाचा रडर मागच्या वाऱ्याने दिवसभर डावीकडे-उजवीकडे आपटत राहिला, तर मार त्याच स्टॉपना बसतो. म्हणून कळकळीने सांगतो, २५ नॉटच्या वरचा वारा किंवा वावटळ विमानावरून गेली असेल तर दुसऱ्या दिवशीची पहिली फेरी एएमईने पाहिल्याशिवाय सोडू नका. मी काय पाहतो? रडर दोन्ही टोकांपर्यंत हाताने नेऊन स्टॉपवर तो नीट टेकतो का, स्टॉप वाकलेत का. एलिव्हेटरच्या बिजागऱ्या, दोन्ही बाजू एकसारख्या हलतात का. एलरॉनचे, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या भागांचे, टोकाचे कोपरे. केबल सैल वाटते का. पंखाच्या मुळाशी पत्र्यावर सुरकुती. याला जास्त वेळ लागत नाही. लॉगमध्ये ‘जोराच्या वाऱ्यानंतर तपासणी’ अशी ओळ लिहिलेली मला फार थोड्या ठिकाणी दिसली.

उभ्या विमानाचा योक जखडून ठेवणारा कंट्रोल लॉक हा यावरचा साधा उपाय, पण तोही खरा लॉकच हवा. लाल पट्टीचा मूळ लॉक हरवला म्हणून योकच्या भोकात खिळा घातलेला मी पाहिला आहे. मूळ लॉकची पट्टी इग्निशनसमोर येते, म्हणून तो काढल्याशिवाय इंजिन सुरू करायला हात जात नाही. खिळा दिसत नाही, आणि तो तसाच राहिला तर पायलट कंट्रोल बांधलेलं विमान घेऊन धावपट्टीवर निघतो. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राईट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ उडालं तेव्हा लॉक काढायचा राहून गेला होता. दोघांचे जीव गेले आणि पायलटांच्या हातात आज जी चेकलिस्ट असते तिची पद्धत त्या अपघातानंतर रुजली. लॉक हरवला असेल तर नवा मागवा. तो येईपर्यंत विमान आत ठेवा. पिटो (वेग मोजायला हवा घेणारी नळी) झाकणाऱ्या कव्हरलाही लांब लाल फीत आणि घट्ट बांधणी हवी. वाऱ्यात कव्हर उडालं की धूळ तर शिरतेच, आणि आपल्याकडची कुंभारीण माशी एका दुपारीत ती नळी मातीने बुजवू शकते.

वारा फक्त आभाळातून येत नाही. सिंहस्थ तोंडावर आहे. २०२७ मध्ये पर्वणीच्या काळात नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसरात हेलिकॉप्टर आणि भाड्याची विमानं वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको, आणि त्यातली काही आजूबाजूच्या छोट्या धावपट्ट्यांवरही येऊन थांबतील. हवेत तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरपासून छोट्या विमानाने त्याच्या रोटरच्या व्यासाच्या तिप्पट अंतर राखावं असा सर्वमान्य संकेत आहे. चेतकचा रोटर ११ मीटरचा, म्हणजे ३३ मीटर. ध्रुवचा १३.२ मीटर, म्हणजे ४० मीटर. तुमच्या रॅम्पवर पाहुणं हेलिकॉप्टर कुठे उतरेल आणि तेव्हा बांधलेल्या सेस्ना कुठे असतील, हे कागदावर आत्ताच आखून ठेवा. त्या दिवशी बंदोबस्ताच्या गडबडीत तुमचं कोणी ऐकणार नाही. जेट विमानाच्या मागेही हेच. मोठं विमान जिथे इंजिन चढवून वळतं, त्या रेषेत प्रशिक्षणाचं विमान उभं करू नका.

तुम्ही म्हणाल, नियम असतील तर पाळू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या नियमांत विमानतळासाठी हवामानाचा इशारा द्यायची तरतूद आहे, आणि तिच्या व्याख्येतच ‘उभी असलेली विमाने’ असे शब्द आहेत. जगाने हा धोका केव्हाच मान्य केला आहे. जिथे हवामान कार्यालय नाही, तिथे तो इशारा रॅम्पपर्यंत पोहोचवायची सोय मात्र आपणच करायची आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. त्या मोजमापात विमानं कशी बांधली जातात हेही पाहावं, अशी माझी महासंचालनालयालाही विनंती आहे. पण त्याची वाट पाहायचं कारण नाही.

तक्त्यात काय लिहावं याबद्दल माझं मत देतो. विमानागणिक आकडे बदलतील, पण सुरुवात म्हणून धरा. झोतांसह वारा १५ नॉटवर गेला की सोलो विद्यार्थ्याने टॅक्सी करू नये. २० वर गेला की विमान हँगरमधून काढायचं किंवा आत घ्यायचं ते अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, टो-बार (विमान ओढायचा दांडा) लावून, दोन्ही पंखांच्या टोकांना नजर ठेवणारा माणूस उभा करून. २५ नॉट, किंवा जिल्ह्याला ताशी ४० किलोमीटरच्या वरचा इशारा, किंवा क्षितिजावर धूळ, यातलं काहीही एक झालं की नवं विमान बाहेर निघणार नाही, जी बाहेर आहेत ती बांधली जातील आणि माणसं आत जातील. वारा मोजायला रॅम्पवरच एक हातातला मीटर ठेवा. त्याला फार पैसे पडत नाहीत. आणि दोर कपाटात नको. ते रिंगांनाच, विमान नसतानाही, लावून ठेवलेले असावेत.

हे थांबवायचा अधिकार कोणाला, हेही तक्त्यात नावानिशी लिहा. माझं म्हणणं आहे की तो रॅम्पवरच्या सगळ्यांत कनिष्ठ हेल्परलाही असावा. आभाळाकडे दिवसभर तोच पाहत असतो. त्यातले बरेच शेतकऱ्यांची मुलं आहेत, वळवाचा वास त्यांना आपल्याआधी येतो. ‘साहेब, आता नको काढायला’ असं तो म्हणाला आणि पुढे वारा आलाच नाही, तर त्याला कोणी बोल लावता कामा नये. फी भरलेल्या विद्यार्थ्याची एक फेरी बुडली म्हणून त्याच्यावर ओरडलेले अधिकारी मी पाहिले आहेत. त्यानंतर तो हेल्पर पुन्हा कधी काही बोलत नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आधी रिंगांचं काँक्रीट करून घ्या. त्याला पक्कं व्हायला तीन-चार आठवडे लागतात आणि वळीव तेवढं थांबणार नाही. दोर, गाठी, रिंगा पाहून द्यायला मी कुठल्याही संस्थेत येईन. त्याचे पैसे नकोत. तुमच्या एएमईने आमच्या ओळखीतल्या कोणाकडेही निरोप दिला तरी तो माझ्यापर्यंत पोहोचेल. येताना मला फक्त हेल्पर मंडळी सगळी हजर हवीत, त्यांना गाठ हाताने शिकवायची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक विमान देखभाल अभियंता
नाशिक